रॉक-पॉपचं दिनविशेष कॅलेंडर: तारीख जाहीर करण्याआधीचं काम

१६ मे उजाडला की एक मेसेज हमखास फिरतो. १९६६ साली याच दिवशी बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ आणि बॉब डिलनचा ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ असे दोन थोर अल्बम एकदम बाजारात आले, असं त्यात म्हटलेलं असतं. ‘पेट साउंड्स’ची तारीख बरोबर आहे, डिलनची नाही. वर्षानुवर्षं १६ मे हीच तारीख छापली गेली. पुढे डिलनच्या अल्बममधल्या एका गाण्यावर जूनमध्येही काम झाल्याची स्टुडिओची नोंद सापडली. रेकॉर्डिंग जूनमध्ये आणि विक्री मेमध्ये, हे कसं जमायचं? आता २० जून १९६६ ही तारीख धरली जाते. योगायोग गेला, मेसेज मात्र फिरतोच आहे.

श्रोत्यांच्या ग्रुपवर, फेसबुक पानावर, इंटरनेट रेडिओवर किंवा पुरवणीच्या कोपऱ्यात ‘आजचा दिवस’ चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तारखा चुकतात त्या आळसामुळे कमी आणि कामाचा क्रम उलटा धरल्यामुळे जास्त. लोक आधी तारीख शोधतात आणि मग ती कशाची होती हे ठरवतात. आधी घटना, मग ठिकाण, मग तारीख, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. एवढा क्रम पाळला तर निम्मे घोळ होतच नाहीत.

## तयारी: तक्ता आधी, उत्साह नंतर

एक्सेल किंवा गूगल शीट, काहीही चालेल. रकाने असे ठेवा: घटना, घटनेचा प्रकार, शहर आणि देश, तिथली तारीख, वार, पहिला पुरावा, दुसरा पुरावा, शंका, आणि आपण पोस्ट कधी करणार ती तारीख व वेळ. ‘शंका’ हा रकाना कधीही काढून टाकू नका. वर्षभराने तोच सर्वात जास्त उपयोगी पडतो.

तारखेचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून टाका. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तुम्ही इंग्रजीत ‘फेब १९७७’ एवढंच टाइप केलंत, तर एक्सेल मनातल्या मनात ती तारीख १ फेब्रुवारी १९७७ करून ठेवतं. पुढे कोणीतरी रकान्याचं रूप बदलतं आणि जी तारीख कधीच कुठे नव्हती ती ठळकपणे समोर येते. दुसरं म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या तारखा. त्यांच्याकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. १२/८/८० ही जॉन लेननच्या हत्येची अमेरिकी पद्धतीने लिहिलेली तारीख. आपल्या सेटिंगच्या शीटमध्ये चिकटवली की झाली १२ ऑगस्ट.

म्हणून १९८०-१२-०८ असं लिहा: वर्ष, महिना, दिवस. यात गोंधळाला जागाच राहत नाही आणि क्रमही आपोआप लागतो.

सावधान: फक्त वर्ष माहीत असेल तर फक्त वर्षच लिहा. रिकामी जागा बघवत नाही म्हणून महिना भरू नका.

## टप्पा १: नेमकी कोणती घटना?

‘अमुक गाण्याला ५० वर्षं’ हे वाक्य अर्धवट आहे. गाणं कधी लिहिलं, कधी रेकॉर्ड झालं, लोकांसमोर पहिल्यांदा कधी वाजलं, अल्बममधून कधी आलं, सिंगल म्हणून (म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड) कधी आलं, पहिल्या क्रमांकावर कधी गेलं? एकाच गाण्याच्या सहा तारखा असू शकतात आणि सहाही खऱ्या.

बिल हेली अँड हिज कॉमेट्सचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ घ्या. रेकॉर्डिंग १२ एप्रिल १९५४ ला झालं, रेकॉर्ड त्याच वर्षी मे महिन्यात आली आणि फारशी चालली नाही. पुढच्या वर्षी ते गाणं एका चित्रपटात वापरलं गेलं आणि जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. आता ‘७५ वर्षं’ कधी साजरी करायची? तुम्हाला स्टुडिओतली गोष्ट सांगायची असेल तर २०२९, आणि तरुण पोरांनी थिएटर डोक्यावर घेतल्याची सांगायची असेल तर २०३०. दोन्ही चालेल. एकाची तारीख आणि दुसऱ्याची गोष्ट असं मात्र करू नका. सर्वात जास्त आढळणारी चूक हीच आहे.

लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’चंही तसंच. ज्या अल्बममध्ये ते आहे तो ८ नोव्हेंबर १९७१ चा. पण बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमधल्या श्रोत्यांनी ते ५ मार्च १९७१ लाच ऐकलं होतं. आणि अमेरिका-ब्रिटनमध्ये त्या काळी ते सिंगल म्हणून विकायला आलंच नाही, त्यामुळे ‘सिंगलचा वर्धापनदिन’ शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

टीव्हीच्या बाबतीत चित्रीकरण आणि प्रक्षेपण वेगळं धरा. मायकल जॅक्सनने ज्या कार्यक्रमात मूनवॉक केला तो २५ मार्च १९८३ ला प्रेक्षकांसमोर चित्रित झाला आणि १६ मेला अमेरिकेतल्या घराघरात दिसला. ‘जगाने मूनवॉक पाहिला’ असं लिहायचं असेल तर १६ मे.

सगळ्यात अवघड असतं फुटणं. बीटल्स कधी फुटले? २० सप्टेंबर १९६९ ला लेननने बैठकीत सोबत्यांना सांगितलं की आपण बाहेर पडतो आहोत, पण ते बाहेर कळू दिलं नाही. १० एप्रिल १९७० ला मॅकार्टनी बाहेर पडल्याची बातमी ब्रिटिश वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. ३१ डिसेंबर १९७० ला त्यांनी लंडनच्या हायकोर्टात दावा दाखल केला. भागीदारी कायद्याने संपली ती ९ जानेवारी १९७५ ला. मी १० एप्रिल धरतो, कारण जगाच्या दृष्टीने बँड त्या दिवशी संपला. तुम्ही दुसरी धरलीत तरी हरकत नाही, फक्त पोस्टमध्ये तसं लिहा.

तपासणी: घटनेचं वाक्य क्रियापदासह लिहा. ‘रेकॉर्ड झालं’, ‘विकायला आलं’, ‘पहिल्यांदा वाजलं’, ‘प्रसारित झालं’. क्रियापद सुचत नसेल तर घटना ठरलेली नाही. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कुठे?

आज नवा अल्बम जगभर शुक्रवारी येतो. ही पद्धत जुलै २०१५ पासूनची. त्याआधी प्रत्येक देशाचा दिवस वेगळा असे, आणि साठ-सत्तरच्या दशकांत तर एकच अल्बम दोन देशांत काही दिवसांच्या, कधी आठवड्यांच्या अंतराने येई. कधी गाणीही वेगळी असत. त्यामुळे देश न लिहिलेली तारीख ही अर्धीच माहिती.

बीटल्सचा ‘ॲबी रोड’ ब्रिटनमध्ये २६ सप्टेंबर १९६९ ला आला आणि अमेरिकेत १ ऑक्टोबरला. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ याच्या उलट, म्हणजे अमेरिकेत आधी, १ मार्च १९७३ ला, आणि बँडच्या स्वतःच्या देशात त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. त्याची पन्नाशीची पेटी (बॉक्स सेट) तर २४ मार्च २०२३ ला निघाली. ती तारीख पाहून अनेकांनी मूळ अल्बमच २४ मार्चचा ठरवून टाकला. कंपनी पेटी कधी काढते हा विक्रीचा हिशेब असतो, त्यावरून मूळ तारीख काढता येत नाही.

माझा नियम साधा आहे: बँड ज्या देशाचा, तिथली तारीख मुख्य. दुसऱ्या देशात आधी आलं असेल तर तेही एका वाक्यात सांगायचं.

आणि बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’? कागदोपत्री ब्रिटनमधली तारीख १ जून १९६७. प्रत्यक्षात रेकॉर्डी दुकानांत २६ मेपासूनच मिळू लागल्या होत्या. अमेरिकेत २ जून. पन्नाशीची आवृत्ती २६ मे २०१७ ला काढली गेली. इथे ‘अधिकृत तारीख १ जून, विक्री त्याआधीच सुरू’ असं लिहून मोकळं व्हावं. कमेंटमध्ये वाद घालायला येणाऱ्यांची हवा त्यानेच निघून जाते.

कॉन्सर्टच्या बाबतीत गावाचं नाव फसवं असतं. वुडस्टॉक महोत्सव वुडस्टॉक गावात झालाच नाही. तो झाला तिथून बराच लांब, बेथेल इथल्या मॅक्स यासगर यांच्या दुग्धव्यवसायाच्या शेतजमिनीवर. डिलनवर ‘जूडस’ (म्हणजे गद्दार) अशी आरोळी ठोकली गेली ती १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये. पण त्या रात्रीचं चोरटं रेकॉर्डिंग लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने इतकी वर्षं विकलं गेलं की पुष्कळजण अजून लंडनच लिहितात.

भारतातल्या विक्रीच्या तारखेच्या मागे लागू नका. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या रेकॉर्डी आपल्याकडे उशिराने येत आणि त्यांच्या तारखांची नोंद सहसा हाती लागत नाही. काकांनी अमुक साली मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून घेतली, ही आठवण म्हणून सुंदर आहे, पुरावा म्हणून नाही.

## टप्पा ३: पुरावा गोळा करण्याचा क्रम

वरून खाली या:

१. त्याच आठवड्यातला छापील कागद. त्या काळातली संगीत साप्ताहिकं, संगीत-व्यवसायाची नियतकालिकं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती. ‘बिलबोर्ड’, ‘कॅश बॉक्स’, ‘मेलडी मेकर’ यांचे जुने अंक स्कॅन करून ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’ या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, आणि ते फुकट पाहता येतात. अंक उघडा, अल्बमची पहिली जाहिरात आणि पहिलं परीक्षण शोधा.

२. स्टुडिओच्या, टीव्ही वाहिनीच्या किंवा सभागृहाच्या नोंदींवरून तयार झालेली अभ्यासकांची कालनोंद. बीटल्ससाठी मार्क लुईसन यांचं काम या जातीचं आहे.

३. कलाकाराचं अधिकृत संकेतस्थळ. विश्वासार्ह, पण डोळे झाकून नव्हे. ते चालवणारी माणसंही बहुतेकदा कंपनीच्या यादीवरूनच उतरवतात.

४. विकिपीडिया आणि डिस्कॉग्ज (रेकॉर्डींच्या नोंदींचं संकेतस्थळ). इथली तारीख घेऊ नका, तिच्या खालची तळटीप घ्या. तळटीप नसेल तर तारीखही नाही असं समजा. डिस्कॉग्जवर एकेका छपाईचं वेगळं पान असतं, त्यामुळे १९८४ च्या जपानी सीडीची तारीख मूळ म्हणून उचलली जाते.

५. गाणी ऐकायचं ॲप. वर्षाची ढोबळ कल्पना येण्यापुरतंच. रीमास्टर केलेल्या आवृत्तीचं वर्ष तिथे सर्रास दिसतं.

पाचव्या क्रमांकाबद्दल आणखी एक गोष्ट. कंपनीने फक्त वर्ष कळवलं असेल तर यंत्र बऱ्याचदा १ जानेवारी भरून टाकतं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख लावून दिलेली एक अख्खी पिढी आहे ना, तसंच हे. कुठलीही १ जानेवारी दिसली की आधी संशय घ्या. महिन्याची १ तारीख दिसली तरी जरा थांबा. संशय म्हणजे नकार नव्हे. ‘डार्क साइड’ची १ मार्च तपासणीत टिकते.

दोन पुरावे हवेत, आणि ते एकमेकांवरून उतरवलेले नकोत. दहा संकेतस्थळांवर एकच वाक्य शब्दशः असेल तर तो एकच पुरावा. डिलनच्या १६ मेचं हेच झालं होतं.

सावधान: चार्टवरची (लोकप्रिय गाण्यांच्या यादीवरची) तारीख ही प्रकाशनाची तारीख नसते. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं ७ मे १९७७ च्या बिलबोर्ड यादीत पहिलं आहे. ती त्या अंकावर छापलेली तारीख. अंक त्याआधीच बाजारात येई आणि त्यातली विक्री त्याहूनही आधीची असे. ‘७ मे रोजी विक्रम’ असं लिहू नका, ‘७ मेच्या यादीत पहिलं’ असं लिहा.

माणसाच्या जन्मतारखेतही पुरावे भांडतात. जॉर्ज हॅरिसन यांची जन्मतारीख सगळीकडे २५ फेब्रुवारी १९४३. पुढे ते स्वतः मात्र २४ ला मध्यरात्रीच्या थोडं आधी जन्मल्याचं सांगत. अशा वेळी नोंदलेली तारीख मुख्य ठेवावी आणि माणसाचं म्हणणं पुढच्या वाक्यात द्यावं.

## टप्पा ४: वार आणि घड्याळ

वार काढायला मोबाइलमधलं कॅलेंडर मागे नेलं की झालं. वाराने चुका झटकन पकडल्या जातात. बीटल्स पहिल्यांदा एड सलिव्हन यांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात आले ती अमेरिकी पद्धतीने २/९/६४ लिहिलेली तारीख आपण २ सप्टेंबर वाचली, तर वार निघतो बुधवार. तो कार्यक्रम रविवारचा होता. ९ फेब्रुवारी १९६४, रविवार, बरोबर बसतं.

पण वार जुळला म्हणजे तारीख सिद्ध झाली असं नाही. १६ मे १९६६ आणि २० जून १९६६, दोन्ही सोमवारच आहेत. वार चूक दाखवू शकतो, बरोबर असल्याचं प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

आता घड्याळ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. लॉस एंजेलिस साडेतेरा आणि साडेबारा. लंडन साडेपाच आणि साडेचार. रात्रीची घटना असेल तर तारीख बदलतेच.

लेननवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९८० च्या रात्री १० वाजून ५० मिनिटांच्या सुमारास. मुंबईत तेव्हा ९ डिसेंबरचे सकाळचे ९ वाजून २० मिनिटं झाली होती. म्हणजे आपल्याकडच्या सकाळच्या वर्तमानपत्रांत ती बातमी १० तारखेच्या आधी येणं शक्यच नव्हतं. जुना मराठी अंक चाळून कोणी ‘१०’ म्हणालं तर हे कारण. मायकल जॅक्सन २५ जून २००९ च्या दुपारी लॉस एंजेलिसमध्ये गेले. आपण २६ जूनची पहाट अनुभवत होतो, तीन वाजायला आले होते.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ तर गंमतच आहे. दोन खेळ झाले, दुपारी अडीचला आणि रात्री आठला. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा मंचावर येणार होते त्या दुपारच्या खेळाची वेळ आपल्याकडे बरोबर मध्यरात्रीची बारा, तारीख २ ऑगस्ट.

नियम: कॅलेंडरमध्ये तारीख नेहमी घटनास्थळाची. भारतीय वेळ हवी तर मजकुरात द्या, तारखेत मिसळू नका.

उगाच बारकावा हवा असणाऱ्यांसाठी: १९६८ च्या फेब्रुवारीपासून १९७१ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ब्रिटनने घड्याळं वर्षभर एक तास पुढेच ठेवली होती. त्यामुळे ३० जानेवारी १९६९ ची बीटल्सची गच्चीवरची मैफल, हिवाळ्यातली असूनही, साडेचार तासांच्या फरकाने मोजायची. दुपारी साडेबारा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे पाच.

तपासणी: अनेक दिवस चाललेल्या महोत्सवात कोण कोणत्या दिवशी वाजवून गेलं? वुडस्टॉक १५ ऑगस्ट १९६९ ला सुरू झाला, पण वेळापत्रक इतकं कोलमडलं की जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तो १८ तारखेला, सोमवारी सकाळी. बरेचजण तोवर घरी गेले होते. हेंड्रिक्सचा फोटो १५ ऑगस्टला टाकू नका. १५ ऑगस्टला तशीही तुमची पोस्ट तिरंग्याच्या गर्दीत कोणी पाहणार नाही, १८ च बरी.

## टप्पा ५: वर्षांची मोजणी आणि शब्द

बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ ५ ऑगस्ट १९६६ चा. ५ ऑगस्ट २०२६ ला ६० वर्षं पूर्ण. ६०वं वर्ष मात्र २०२५ च्या ऑगस्टलाच लागलं. ‘पूर्ण’ हा शब्द लिहिला की वाद मिटतो. रौप्य २५, सुवर्ण ५०, हीरक ६०, अमृत ७५. ४० ला नुसतं ‘४० वर्षं’ म्हणा.

हयात माणसाचा वाढदिवस, दिवंगताची जयंती. वाचायला बाळबोध वाटेल, पण हयात गायकाच्या जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन करणाऱ्या पोस्ट दरवर्षी दिसतात. कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीला तयार होतं आणि मधल्या काळात माणसं जातात, तेव्हा ही खात्री पोस्टच्या दिवशी सकाळी पुन्हा करा.

स्मृतिदिनाच्या पोस्टमध्ये निधनाचं वर्ष पहिल्याच वाक्यात हवं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि फोटो एवढंच टाकलंत तर निम्मे लोक आज गेले समजून पुढे ढकलतील, आणि संध्याकाळपर्यंत कोणाचे तरी दुसऱ्यांदा निधन झालेले असेल.

## टप्पा ६: एका तारखेला गर्दी झाली तर

८ डिसेंबर २०२६ समोर धरू. तक्त्यात तीन नोंदी आहेत. १९४३: डोअर्सच्या जिम मॉरिसनचा जन्म. १९७६: ईगल्सचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अल्बम. १९८०: लेननची हत्या.

तिन्ही एका पोस्टमध्ये कोंबणं ही नेहमीची चूक. उत्सव, जयंती आणि खून यांचा सूर एकत्र लागत नाही. मी असं करीन: ८ च्या सकाळी फक्त ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, कारण ५० वर्षं पूर्ण होण्याचा मान एकाच नोंदीला आहे. लेननची पोस्ट ९ च्या सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी, ‘न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९८० ची रात्र’ अशा सुरुवातीने. वेळेचा फरक इथे आपल्या कामी येतो. मॉरिसनला यंदा सुट्टी. त्याला ३ जुलै आहेच: १९७१ साली त्याच तारखेला तो पॅरिसमध्ये गेला. आणि बरोबर दोन वर्षं आधी, ३ जुलै १९६९ ला, रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स. दोघेही २७ वर्षांचे. तपासून पाहिलेला, खरा योगायोग हवा असेल तर तो हा.

दररोज काहीतरी टाकायचंच हा हट्ट सोडा. रोज भरायचं म्हटलं की कॅलेंडर मरणांनी भरतं, कारण मृत्यूच्या तारखा सर्वात सहज सापडतात. त्यापेक्षा महिन्याला मोजक्याच नोंदी घ्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक संगीताच्या घटना.

## टप्पा ७: आपल्याकडच्या तारखा

मराठी वाचकाला इथली नाळ हवी असते आणि ती आहेही. पण इथेच सर्वात जास्त ऐकीव माल खपतो.

खात्रीने घेण्याजोग्या: १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी क्रीडा संकुल, मायकल जॅक्सन. शिव उद्योग सेनेसाठी झालेला हा कार्यक्रम. २०२६ मध्ये ३० वर्षं पूर्ण. तो मुंबईत त्याआधी उतरला होता, त्यामुळे विमानतळावरच्या स्वागताचे फोटो १ नोव्हेंबरचे म्हणून देऊ नका. ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स.

महिन्यावर थांबण्याजोग्या: जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं वादन तिथलं. आवाज नंतर लंडनला चढवला आणि ते १५ मार्चला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूने आलं. मुंबईची गोष्ट सांगायची तर जानेवारीत सांगा. १५ मार्च ही लंडनची तारीख.

वर्षावर थांबण्याजोग्या: लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांबरोबर केलेलं रेकॉर्डिंग. १९७२ हे वर्ष घ्या. महिना कुठे मार्च तर कुठे ऑक्टोबर छापलेला आढळतो. अशी नोंद दिवसाच्या कॅलेंडरमध्ये घालूच नये, ती स्वतंत्र लेखाची सामग्री.

तारखेशिवायच ठेवण्याजोगी: फ्रेडी मर्क्युरी आणि पाचगणी. फारुख बुलसारा (हे त्याचं मूळ नाव) पन्नासच्या दशकात तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, मित्रांबरोबर त्याचा ‘द हेक्टिक्स’ हा बँड तिथलाच. या मजकुराला हक्काची तारीख त्याची जयंती, ५ सप्टेंबर (१९४६, झांझिबार). ‘आजच्याच दिवशी पाचगणीत पहिला कार्यक्रम’ असं कोणी पाठवलं तर पुरावा मागा आणि तो येईपर्यंत थांबा.

## टप्पा ८: मजकूर, फोटो, वाजवणं

पहिल्या वाक्यात वर्ष, ठिकाण, क्रियापद. नमुना:

‘८ डिसेंबर १९७६ रोजी ईगल्सचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हा अल्बम अमेरिकेत विकायला आला. आज ५० वर्षं पूर्ण. याच नावाचं गाणं सिंगल म्हणून फेब्रुवारी १९७७ मध्ये आलं. शेवटी ज्या दोन गिटारी एकमेकींशी बोलतात त्या डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या. आज तेवढाच तुकडा हेडफोन लावून ऐका.’

एवढं पुरे. ‘अजरामर’, ‘युगप्रवर्तक’, ‘संगीताचा इतिहास बदलणारा’ हे काढून टाकल्यावर काही उरत नसेल, तर त्या नोंदीत मुळात दम नव्हता.

फोटो त्याच घटनेचा, निदान त्याच वर्षाचा. १९६४ च्या पोस्टला दाढीवाले बीटल्स लावले की जाणकार वाचक तिथेच सोडून जातो.

हॉलमध्ये किंवा कॅफेत वर्धापनदिनाचा श्रवण-कार्यक्रम ठेवणार असाल तर मूळ रेकॉर्डिंग जाहीरपणे वाजवायला परवाना लागतो. रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी पीपीएल इंडिया आणि शब्द-चालींच्या हक्कांसाठी आयपीआरएस या दोन ठिकाणी आधी विचारा. गाण्यांची यादी देऊन कोणतं कोणाकडे आहे ते लेखी घ्या. जागेच्या मालकाकडे परवाना असेल असं गृहीत धरू नका, प्रत बघायला मागा.

## टप्पा ९: दुरुस्ती आली तर

कोणीतरी वेगळी तारीख घेऊन येणारच. लगेच माफी नको आणि लगेच भांडणही नको. तीन गोष्टी विचारा: कुठल्या देशातली तारीख, कुठल्या घटनेची, आणि कुठे पाहिली. उत्तर ‘शंका’ रकान्यात टाका. चूक आपलीच निघाली तर पोस्ट गुपचूप बदलू नका, खाली ‘दुरुस्ती’ असं लिहून नवी तारीख द्या. जुन्या तारखेचे स्क्रीनशॉट तोवर फिरत असतातच.

बऱ्याचदा दोघेही बरोबर निघतात. तुम्ही क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला ३१ ऑक्टोबर १९७५ लिहिलेलं असतं, वाचक ठामपणे २९ नोव्हेंबर म्हणतो. पहिली तारीख ब्रिटनमध्ये सिंगल आल्याची, दुसरी ते ज्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं तिची. त्या वाचकाला तक्ता पाहण्याची परवानगी देऊन टाका आणि पुढच्या महिन्याच्या नोंदी तपासायला सांगा.